आर इंटरप्रिटर क्यूटी प्रोग्रॅममध्ये बसवला आहे. आकडेमोड चालते, पण आलेखांच्या विंडो गोठतात

पर्जन्यनोंद, अंधेरी

नमस्कार मंडळी.

मुंबईतील पर्जन्यमापक केंद्रांच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी तपासण्यासाठी आमच्या कार्यालयात सी प्लस प्लस आणि क्यूटी ६ (विंडो, बटणे वगैरे बनवण्याची लायब्ररी) वापरून एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिलेला आहे. नोंदी वाचणे, गाळणे आणि तक्ते दाखवणे ही कामे तो स्वतः करतो. आकडेमोड आणि आलेख मात्र विश्लेषकांनी आधीपासून आर या संख्याशास्त्रीय भाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टांतूनच यावेत, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो रास्त आहे, कारण त्या स्क्रिप्टा तपासून घेतलेल्या आहेत आणि त्या सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिण्यात कोणाचेच हित नाही. म्हणून आरची लायब्ररी थेट प्रोग्रॅमलाच जोडली आहे.

मांडणी अशी आहे. मुख्य थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांपैकी एक) क्यूटीकडे असून आरसाठी वेगळा थ्रेड ठेवला आहे. त्या थ्रेडवर आरएफ_इनिटएम्बेडेडआर बोलावून आर सुरू होते, मग तो थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर (खूण मिळेपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सोयीवर) आज्ञेची वाट पाहत थांबतो, आज्ञा आली की आर_ट्रायइव्हॅलमधून ती चालवतो आणि पुन्हा थांबतो. आरचे कोणतेही फंक्शन दुसऱ्या थ्रेडवरून बोलावले जात नाही, एवढी काळजी आम्ही घेतली आहे.

अडचण आलेखांच्या विंडोंची आहे. प्लॉटची आज्ञा दिली की विंडो उघडते आणि आलेखही नीट उमटतो, परंतु कोपरा ओढून ती मोठी केली तर आलेख जुन्याच आकारात एका बाजूला राहतो आणि उरलेली जागा रिकामी दिसते. विंडो बंद करण्याच्या फुलीवर क्लिक केले तरी काही होत नाही. विंडोजवर तर थोड्या वेळाने शीर्षकपट्टीत ‘प्रतिसाद देत नाही’ अशी सूचना येते. एक गोष्ट मात्र लक्षात आली आहे: आरमध्ये सिस.स्लीप(१) चालवले की तेवढा एक सेकंद सगळ्या विंडो जाग्या होतात, साठलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात आणि मग पुन्हा सामसूम.

असे का होते आणि लिनक्स व विंडोज या दोन्हींवर चालेल असा योग्य मार्ग कोणता, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टर्मिनलवाला, डोंबिवली

पर्जन्यनोंद यांस,

आपण सिस.स्लीपचे निरीक्षण दिले आहे, त्यातच अर्धे उत्तर आहे. आर नेहमीच्या कन्सोलमध्ये चालते तेव्हा ती कीबोर्डची वाट पाहत असताना नुसती बसून राहत नाही. लिनक्सवर ती सिलेक्ट या सिस्टिम कॉलमध्ये एकाच वेळी कीबोर्डचा इनपुट आणि पडद्यावरच्या विंडो सांभाळणाऱ्या एक्स११ सर्व्हरशी असलेली जोडणी अशा दोन्हींकडे लक्ष ठेवते, आणि त्या जोडणीवर काही आले की आलेखाच्या डिव्हाइसने (आरमधील आलेख काढणाऱ्या भागाने) नोंदवलेला हँडलर, म्हणजे अशा वेळी चालवायचे फंक्शन, चालवते. सिस.स्लीपसुद्धा आतून हेच करते. आपल्या मांडणीत कीबोर्डची वाट पाहणारा तो भागच नाही. आरचा थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर झोपलेला असतो; टपाल पेटीत पडत राहते, पेटी उघडायला मात्र कोणी येत नाही.

विंडोजवर कारण तेच, फक्त यंत्रणा निराळी. तेथे प्रत्येक विंडोचे संदेश ती विंडो ज्या थ्रेडने तयार केली त्याच्याच रांगेत जातात. आर वेगळ्या थ्रेडवर असल्यामुळे क्यूटीचा मुख्य इव्हेंट लूप (क्लिकसारखे इव्हेंट उचलून वाटणारे चक्र) कितीही तत्पर असला तरी तो त्या रांगेला हात लावू शकत नाही. आर मुख्य थ्रेडवर असती तर क्यूटीने स्वतःचे संदेश वाटताना आरच्या विंडोंचेही वाटले असते. तरीही तिला तेथे हलवा असे मी सुचवणार नाही, कारण मग लांबलेली आकडेमोड आपला अख्खा प्रोग्रॅम गोठवील.

उपाय सोपा आहे. अमर्याद वाट पाहण्याऐवजी तीस ते पन्नास मिलिसेकंदांची मुदत घालून वाट पाहा आणि मुदत संपली की आरला तिचे इव्हेंट उरकू द्या. विंडोजवर यासाठी आर_प्रोसेसइव्हेंट्स बोलावावे. लिनक्सवर आधी आर_चेकअ‍ॅक्टिव्हिटी आणि त्यातून मिळालेला संच घेऊन आर_रनहँडलर्स बोलावावे. आर_चेकअ‍ॅक्टिव्हिटीचा दुसरा आर्ग्युमेंट कीबोर्डच्या इनपुटकडे दुर्लक्ष करण्यासाठी असतो. तो १ ठेवावा.

मुदतीच्या वाट पाहण्याने प्रोसेसर थोडा उगाच जागा राहतो. ते खटकत असेल तर लिनक्सवर एक पाइप उघडून तिचे वाचायचे टोक अ‍ॅडइनपुटहँडलरने नोंदवावे आणि मुख्य थ्रेडने आज्ञा देताना त्या पाइपमध्ये एक बाइट लिहावा. मग आज्ञा आणि आलेखाचे इव्हेंट एकाच सिलेक्टमध्ये येतात. विंडोजवर एमएसजीवेटफॉरमल्टिपलऑब्जेक्ट्स हे फंक्शन तेच काम करते. तथापि लिनक्सवर मुदत पूर्णपणे काढून टाकू नये. एक्स११शी बोलणाऱ्या एक्सलिब या लायब्ररीची स्वतःची एक अंतर्गत रांग असते, आणि आलेख काढताना सर्व्हरशी बोलणे चालू असतानाच काही इव्हेंट त्या रांगेत वाचून ठेवले जातात. अशा वेळी जोडणीवर नवीन काहीच नसते, सिलेक्ट शांत राहतो, आणि इव्हेंट मात्र रांगेत पडून असतो. ‘कधी कधीच विंडो अडकते’ अशी तक्रार बहुधा येथून येते.

आणखी दोन गोष्टी. हँडलरमध्ये आरची त्रुटी उद्भवली तर ती लाँगजंपने, मधली फंक्शने ओलांडून, वर उडी मारते आणि तेथे झेलायला कोणी नसेल तर प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून हे सगळे आर_टॉपलेव्हलएक्झेकमध्ये गुंडाळावे. दुसरी गोष्ट स्टॅकची. लिनक्सवर आर स्टॅकची सुरुवात मुख्य थ्रेडवरून ठरवते, त्यामुळे वेगळ्या थ्रेडवर ‘सी स्टॅक मर्यादेजवळ’ अशी खोटी त्रुटी येऊ शकते. त्यासाठी आर_सीस्टॅकलिमिटला उणे एक देऊन ती तपासणी बंद करतात, परंतु मग खरोखरीचे खोल रिकर्शन कोणी अडवत नाही. तेव्हा थ्रेड सुरू करण्यापूर्वी सेटस्टॅकसाइझने त्याला पुरेसा मोठा स्टॅक द्यावा. तसेच आर_सिग्नलहँडलर्स हे आर सुरू करण्यापूर्वी शून्य करावे, नाहीतर आपल्या प्रोग्रॅमचे सिग्नल आर परस्पर ताब्यात घेते.

पर्जन्यनोंद, अंधेरी

टर्मिनलवाला, मनापासून आभार. चाळीस मिलिसेकंदांची मुदत आणि आर_टॉपलेव्हलएक्झेक घातल्यावर दोन्ही प्रणालींवर विंडो हलू लागल्या, बंद होऊ लागल्या आणि आकार बदलला की आलेख नव्याने उमटू लागला.

आता पुढचे दोन प्रश्न उभे राहिले आहेत. सर्व केंद्रांचे बूटस्ट्रॅप (नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन करायची लांबलचक आकडेमोड) चालू असताना आलेखाच्या विंडो पुन्हा गोठतात, आणि विश्लेषकांना नेमके त्याच वेळी आधीचे आलेख शेजारी ठेवून पाहायचे असतात. शिवाय विंडो मोठी केली की आलेख बरोबर ताणला जातो, पण लेजंडची, म्हणजे रंग व खुणांचा अर्थ सांगणारी, चौकट बिघडते: अक्षरे चौकटीबाहेर जातात किंवा चौकट उगाच रुंद राहते. हा दोष आमच्या बाजूचा आहे की आरचा?

कालिना_संख्याशास्त्र

लेजंडपुरते मी सांगतो, कारण विद्यार्थ्यांना हे दरवर्षी समजावून द्यावे लागते.

आरचे आलेखाचे डिव्हाइस काढलेल्या प्रत्येक गोष्टीची एक यादी ठेवते, तिला डिस्प्ले लिस्ट म्हणतात. आकार बदलला की आर तुमची स्क्रिप्ट पुन्हा चालवत नाही. ही यादी पहिल्यापासून पुन्हा चालवते. अक्ष, समास, मथळे यांचे गणित त्या वेळी नव्याने होते, त्यामुळे ते नव्या आकारात चपखल बसतात. लेजंड हे मात्र आरमध्येच लिहिलेले फंक्शन आहे. ते सुरुवातीला अक्षरांची रुंदी मोजते, ती अक्षांच्या एककांत बदलते आणि त्या आकड्यांनी चौकट काढते. यादीत नोंदला जातो तो तयार आकडा. विंडो दुप्पट रुंद झाली की अक्षांचे एक एकक पडद्यावर दुप्पट जागा घेते, अक्षरांचा आकार मात्र तोच राहतो, आणि चौकट सैल पडते. स्ट्रविड्थ (मजकुराची रुंदी) किंवा पार(पिन) (आलेखाच्या जागेचे माप) यांवरून आधी हिशेब करून काढलेल्या कोणत्याही गोष्टीचे असेच होते. म्हणजे दोष आपल्या प्रोग्रॅमचा नाही.

यावर खरा उपाय म्हणजे आकार स्थिरावल्यावर मूळ प्लॉटची आज्ञाच पुन्हा चालवणे, किंवा आलेख ग्रिडवर आधारलेल्या जीजीप्लॉट२ मध्ये काढणे. ग्रिडमध्ये लांबी ‘इतक्या ओळी’, ‘इतके सेंटिमीटर’ किंवा ‘या मजकुराइतकी रुंदी’ अशा एककांतच नोंदलेली राहते आणि प्रत्येक वेळी नव्याने सोडवली जाते. जुन्या स्क्रिप्टा बदलायला विश्लेषक तयार होतील का, हे आपणच जाणे.

माहीमचा_प्रोग्रॅमर

टर्मिनलवाला यांचे निदान अचूक आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय पहिल्या पायरीचा आहे आणि आपला बूटस्ट्रॅपचा प्रश्न त्याच पायरीवर अडतो. आर एकाच थ्रेडवर चालणारी भाषा आहे. आकडेमोड चालू असताना ती अधूनमधून आर_चेकयूझरइंटरप्टमधून डोके वर काढते, पण तेही इंटरप्रिटरच्या कोडमध्ये असतानाच. मोठ्या मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्यासाठी ती एकदा लॅपॅक या गणिती लायब्ररीमध्ये शिरली की काम संपेपर्यंत बाहेर पाहत नाही. शिवाय लिनक्सवर त्या तपासणीत एक्स११चे हँडलर चालतच नाहीत. जोपर्यंत विंडो आरच्या मालकीची आहे तोपर्यंत आर कामात असताना ती गोठणारच. मुदत चाळीसची दहा मिलिसेकंद केली तरी यात फरक पडणार नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत: विंडो आरकडून काढून घ्या. आरला स्वतःचे आलेख-डिव्हाइस पुरवता येते आणि त्यासाठी आरचा गाभा बदलावा लागत नाही. डिव्हाइस म्हणजे फंक्शन पॉइंटरांनी भरलेले एक स्ट्रक्चर असते: रेषा, पॉलीलाइन, बहुभुज, आयत, वर्तुळ, मजकूर, मजकुराची रुंदी, नवे पान, आकार, बंद करणे इत्यादी. जीईक्रिएटडेव्हडेस्कने ते तयार करून जीईअ‍ॅडडिव्हाइस२ने नोंदवले की पुढचा प्रत्येक आलेख आपल्या फंक्शनांकडे येतो. त्या फंक्शनांनी पडद्यावर काहीही काढू नये. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, अमुक रंगाची, अमुक जाडीची रेषा’ अशी नोंद आपल्या यादीत ठेवावी, आणि पूर्ण झालेली यादी मुख्य थ्रेडच्या हवाली करावी. क्यूटीची विंडो ती यादी क्यूपेंटरने रंगवते. विंडो झाकली, उघडली, हलवली, तरी आरला विचारण्याचे कारणच उरत नाही.

आकार बदलणे दोन टप्प्यांत करावे. कोपरा ओढणे चालू असेतोवर जुनीच यादी नव्या आकारात ताणून दाखवावी. अक्षरेही ताणली जातील, ते तेवढ्यापुरते चालते. ओढणे थांबल्यावर साधारण दोनशे मिलिसेकंदांनी आरच्या थ्रेडकडे नव्या आकाराची विनंती टाकावी. आर रिकामी असेल तर तिने डिव्हाइसची मापे बदलून जीईप्लेडिस्प्लेलिस्ट बोलवावे आणि नवी यादी पाठवावी. आर बूटस्ट्रॅपमध्ये अडकलेली असेल तर विनंती थांबून राहील आणि तोवर ताणलेला आलेख दिसत राहील. ओढताना अनेक विनंत्या साठतात, त्यांतील शेवटची सोडून बाकीच्या टाकून द्याव्यात.

एका तपशिलाकडे विशेष लक्ष द्यावे. पंधरा मिनिटांच्या हिशेबाने एका केंद्राच्या वर्षभराच्या नोंदी ३५,०४० होतात. आलेख रेषेचा असेल तर सलग पट्टा एकाच पॉलीलाइन कॉलमध्ये येतो, परंतु तोच आलेख पोकळ वर्तुळांच्या ठिपक्यांनी काढला तर वर्तुळाचे फंक्शन ३५,०४० वेळा बोलावले जाते. प्रत्येक कॉलमागे थ्रेडच्या सीमेपलीकडे सिग्नल पाठवला तर क्यूटीची रांग तुंबेल. त्यामुळे नोंदी आरच्याच थ्रेडवर साठवाव्यात आणि मोड या फंक्शनला शून्य मिळाले की, म्हणजे आरने एक चित्रण संपल्याचे कळवले की, पुनर्रेखाटनाची खूण करावी. डेव्ह.होल्ड आणि डेव्ह.फ्लश (चित्र रोखून धरणे आणि मग एकदम दाखवणे) यांना दाद देणारे होल्डफ्लश फंक्शनही लिहून ठेवावे, म्हणजे अर्धवट आलेख लुकलुकत नाहीत.

अक्षरांच्या रुंदीचे फंक्शन मात्र आरला ताबडतोब उत्तर देणारे असावे लागते, कारण समासाचे गणित त्यावर चालते. तेथे मुख्य थ्रेडला विचारत बसू नये. आरच्याच थ्रेडवर क्यूफाँटमेट्रिक्सएफ वापरून मोजावे, आणि रंगवताना नेमका तोच फाँट व तोच आकार ठेवावा.

ग्राफिक्स इंजिनाची आवृत्ती तपासण्यास विसरू नये. आर ४.१.० पासून, म्हणजे २०२१ पासून, ग्रेडियंट, नमुने आणि मास्क यांसाठी या स्ट्रक्चरमध्ये नवी फंक्शने आली आहेत. जुन्या हेडरवर संकलित केलेले डिव्हाइस नव्या आरमध्ये चालेल असे गृहीत धरू नये.

टर्मिनलवाला, डोंबिवली

माहीमचा_प्रोग्रॅमर यांच्याशी सहमत आहे. त्यांनी सांगितलेल्या मार्गाचा आणखी एक फायदा असा की आकडेमोड थांबवण्याचे बटणही सहज देता येते. लिनक्सवर आर_इंटरप्ट्स_पेंडिंग आणि विंडोजवर यूझरब्रेक या चलांत मुख्य थ्रेडवरून १ लिहिले की पुढच्या तपासणीत आर चालू काम सोडून देते. आरचे फंक्शन दुसऱ्या थ्रेडवरून न बोलावण्याचा आपला नियम यात मोडत नाही, कारण येथे केवळ एका चलाची किंमत बदलते.

आपल्या डिव्हाइसच्या फंक्शनांतून सी प्लस प्लसचे एक्सेप्शन आरमध्ये कधीही बाहेर पडू देऊ नये. प्रत्येक फंक्शनात ते आतच झेलावे. उलट दिशेनेही तसेच. आरची त्रुटी उडी मारताना मधल्या सी प्लस प्लस वस्तूंचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत, तेव्हा आरला बोलावणाऱ्या फंक्शनात लॉक धरून ठेवू नये.

चर्चगेट_फास्ट

एवढा खटाटोप करण्यापूर्वी आर वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवण्याचा विचार व्हावा. आरस्टुडिओमध्येही आरचे सत्र मुख्य विंडोपासून वेगळ्या प्रोसेसमध्येच चालते. विश्लेषकाच्या स्क्रिप्टमधील एखादे पॅकेज मेमरी बिघडवून कोसळले तर वेगळ्या प्रोसेसमध्ये फक्त आर जाते, आणि आपल्या प्रोग्रॅममधील न जतन केलेले काम वाचते. आरसर्व्ह हे तयार साधन टीसीपीच्या ६३११ या पोर्टवर हेच काम करते. मात्र विंडोजवर फोर्कची (चालू प्रोसेसची प्रत काढण्याची) सोय नसल्याने तेथे प्रत्येक जोडणीला स्वतंत्र आर मिळत नाही. आलेखांसाठी एचटीटीपीजीडी हे डिव्हाइस एसव्हीजी तयार करून वेबसॉकेटने कळवते, आणि आकार बदलला की नव्या मापाचा आलेख मागवता येतो.

परवान्याचाही विचार करावा. आर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. कार्यालयाच्या आत वापरण्यास काहीच हरकत नाही, पण आरची लायब्ररी जोडलेला बंदिस्त प्रोग्रॅम बाहेर वाटायचा असेल तर आधी जाणकार वकिलाचे मत घ्यावे.

पर्जन्यनोंद, अंधेरी

सर्वांचे आभार. प्रोग्रॅम कार्यालयाबाहेर जाणार नाही, आणि नोंदींचे मोठे तक्ते प्रत्येक वेळी दुसऱ्या प्रोसेसकडे पाठवणे आम्हाला परवडणारे नाही, म्हणून आर आतच ठेवून स्वतःचे डिव्हाइस लिहायला घेतले आहे. रेषा, पॉलीलाइन, वर्तुळ, आयत आणि मजकूर एवढ्यावरच आमचे बहुतेक आलेख उमटले. सांताक्रूझची २६ जुलै २००५ ची ९४४ मिलिमीटरची नोंद घेतली की बाकीचे सगळे दिवस अक्षाला चिकटतात, त्यामुळे विश्लेषक त्या आलेखाची विंडो सतत उंच करून पाहतात. बूटस्ट्रॅप चालू असतानाही ती आता निमूटपणे मोठी होते. लेजंडसाठी मूळ आज्ञा पुन्हा चालवण्याची सोय वेगळ्या बटणावर देत आहोत.

एकच शंका उरली आहे. केंद्रांची नावे देवनागरीत आहेत. लिनक्सवर ‘विक्रोळी’ आणि ‘सांताक्रूझ’ नीट दिसतात, विंडोजवर मात्र त्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

माहीमचा_प्रोग्रॅमर

यात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली डिव्हाइसमधील: हॅजटेक्स्टयूटीएफ८ हे चल सत्य करून मजकुराची आणि रुंदीची यूटीएफ-८ फंक्शने भरावीत, नाहीतर आर मजकूर आधी प्रणालीच्या स्थानिक एन्कोडिंगमध्ये बदलते आणि तेथेच अक्षरे हरवतात. रुंदी मोजताना अक्षरे सुटी सुटी मोजून बेरीज करू नये. ‘क्र’ हे जोडाक्षर आणि ‘वि’मधील वेलांटी यांची रुंदी अख्खा शब्द जुळवल्यावरच कळते, म्हणून संपूर्ण ओळ एकदम क्यूफाँटमेट्रिक्सएफला द्यावी.

दुसरी गोष्ट विंडोजची. आर ४.२.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, विंडोजवरही आरचे स्थानिक एन्कोडिंग यूटीएफ-८ झाले आहे, परंतु ते ठरते प्रोसेसच्या अ‍ॅक्टिव्ह कोडपेजवरून, आणि कोडपेज ठरते मुख्य एक्झिक्युटेबल फाइलच्या मॅनिफेस्टवरून, म्हणजे तिला जोडलेल्या सेटिंग्जच्या नोंदीवरून. आरच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये तसा मॅनिफेस्ट असतो. आर आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवली की तेथे आपला मॅनिफेस्ट लागू होतो. त्यात अ‍ॅक्टिव्हकोडपेज या घटकाला यूटीएफ-८ ही किंमत द्यावी. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून पुढे ते लागू पडते. बदल केल्यावर आरमध्ये एल१०एन_इन्फो() चालवून पाहावे. यूटीएफ-८ समोर सत्य दिसले की प्रश्नचिन्हे गेली म्हणून समजा.

पर्जन्यनोंद, अंधेरी

मॅनिफेस्ट बदलला, एल१०एन_इन्फो() आता यूटीएफ-८ सत्य दाखवते, आणि विंडोजवरही ‘विक्रोळी’ वेलांटीसकट नीट उमटते. रुंदी आधी अक्षरागणिकच मोजली जात होती. ती ओळीवर आणल्यापासून अक्षाशेजारची नावेही कापली जात नाहीत.